मंद आणि शीघ्र : यकृतातील एका विकराची कथा

रुग्णालयाच्या एकाच दालनात शेजारी शेजारी असलेल्या दोन क्षयरोग्यांची कल्पना करावी. दोघांचे वय सारखे, वजन सारखे, आणि रोगही सारख्याच अवस्थेत आहे. सकाळी एकाच वेळी दोघांना आयसोनियाझिड या औषधाची सारखी मात्रा देण्यात आली. सहा तासांनी दोघांचे रक्त तपासले, तेव्हा एकाच्या रक्तात औषधाचा बराच अंश शिल्लक होता. दुसऱ्याच्या रक्तातून ते जवळजवळ नाहीसे झाले होते. औषध एकाच बाटलीतले, मात्रा एकाच तराजूने तोललेली. मग हा फरक पडला कोठे?

हा फरक यकृतात पडला. पोटात गेलेले औषध आतड्यातून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर यकृतात पोहोचते. तेथे शेकडो प्रकारची प्रथिने परक्या द्रव्यांची वाट पाहत असतात. रासायनिक क्रियांचा वेग वाढविणाऱ्या या प्रथिनांना विकरे किंवा एन्झाइमे म्हणतात. आयसोनियाझिडची गाठ त्यांपैकी एका विशिष्ट विकराशी पडते. ते विकर ज्याच्याजवळ भरपूर, त्याच्या शरीरातून औषध लवकर जाते. ज्याच्याजवळ तुटपुंजे, त्याच्या शरीरात ते रेंगाळते. इतके सांगावयास दोन वाक्ये पुरतात. परंतु ते सिद्ध करण्यास शास्त्रज्ञांना सुमारे चाळीस वर्षे लागली. अखेर ज्या साधनाने हे कोडे सुटले, ते म्हणजे मानवाचे जनुक उसने घेऊन दुसऱ्या सजीवाच्या पेशीत तयार केलेले मानवी यकृताचे विकर होय.

विस्मृतीत पडलेले औषध

आयसोनियाझिड हा पदार्थ प्रथम १९१२ साली प्राग येथे हान्स मायर आणि योझेफ माली यांनी तयार केला. त्याचा क्षयरोगाशी काही संबंध असेल, अशी त्यांना पुसट कल्पनाही नव्हती. पुढे चाळीस वर्षे तो रसायनशास्त्राच्या जुन्या नियतकालिकांत पडून राहिला. १९५१-५२ मध्ये अमेरिकेतील दोन व जर्मनीतील एक अशा तीन औषधसंस्थांच्या संशोधकांना जवळजवळ एकाच वेळी आणि परस्परांपासून स्वतंत्रपणे असे आढळले की, हा साधा, स्वस्त पदार्थ क्षयाच्या जंतूंवर विलक्षण प्रभावी आहे. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ज्या रुग्णांची आशा सोडण्यात आली होती, त्यांना भूक लागू लागली, त्यांचे वजन वाढू लागले. ज्या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या घरे ओस पाडली, त्याच्यावर अखेर पोटात घेण्याची एक गोळी सापडली होती.

परंतु औषध जसजसे अधिकाधिक रुग्णांना मिळू लागले, तसतशी एक नवी तक्रार ऐकू येऊ लागली. काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येत. पुढे तळपाय बधिर होत आणि चालणे अवघड होई. हा मज्जातंतूंचा दाह होता. त्याचे कारण असे की, आयसोनियाझिड शरीरातील ब-६ या जीवनसत्त्वाशी संयोग पावते आणि त्याला मूत्रावाटे बाहेर घेऊन जाते; मज्जातंतूंना त्याची उणीव भासते. ब-६ जीवनसत्त्व थोड्या मात्रेत दिल्यास हा उपद्रव टळतो, हेही लवकरच समजले. प्रश्न उरला तो असा : सर्वांनाच औषध सारखे दिले असता हा त्रास काहींनाच का व्हावा? १९५४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, ज्या रुग्णांच्या मूत्रात बदल न झालेले औषध अधिक प्रमाणात सापडते, त्यांनाच हा त्रास अधिक होतो. म्हणजे त्यांचे शरीर औषधाचे रूपांतर संथपणे करीत होते.

दोन राशी

शंभर माणसांची उंची मोजून ती आलेखावर मांडली तर बहुतेक माणसे मध्यम उंचीची निघतात; फार बुटकी आणि फार उंच अशी थोडीच असतात. आलेखावर धान्याच्या राशीसारखी एकच टेकडी दिसते. आयसोनियाझिडची ठरावीक मात्रा दिल्यावर सहा तासांनी रक्तात किती औषध उरते, हे अनेक व्यक्तींत मोजून तसाच आलेख काढला, तेव्हा मात्र एका राशीऐवजी दोन राशी दिसल्या. एक राशी ज्यांच्या रक्तात औषध थोडे उरले अशांची, दुसरी ज्यांच्या रक्तात ते बरेच उरले अशांची. आणि दोहोंच्या मध्ये एक दरी. पहिल्या गटाला ‘शीघ्र’ आणि दुसऱ्याला ‘मंद’ अशी नावे मिळाली.

हा फरक किती मोठा आहे, ते साध्या गणिताने समजते. शीघ्र व्यक्तीच्या रक्तातील आयसोनियाझिड साधारणपणे एक ते दीड तासात निम्मे होते. मंद व्यक्तीत त्याला दोन ते चार तास लागतात. दीड तास हा काळ धरला, तर सहा तासांत औषध चार वेळा निम्मे होईल, म्हणजे मूळ प्रमाणाचा सोळावा हिस्सा उरेल. तीन तास धरले, तर ते दोनदाच निम्मे होईल आणि चौथा हिस्सा उरेल. सकाळी दोघांच्या रक्तात सारखे असलेले औषध दुपारी एकाच्या रक्तात दुसऱ्याच्या चौपट असते, ते असे.

आलेखावर दोन स्वच्छ राशी दिसल्या की आनुवंशिकीच्या अभ्यासकाला मेंडेलच्या वाटाण्यांची आठवण होते. एखादा गुण एकाच जनुकावर अवलंबून असला म्हणजे असे स्पष्ट गट पडतात. १९६० साली प्राइस इव्हान्स, मॅनली आणि मॅक्युसिक यांनी अनेक कुटुंबांतील आईवडील व मुले यांची तपासणी करून ही शंका खरी ठरविली. प्रत्येकाला या गुणाचे एक जनुक आईकडून व एक वडिलांकडून मिळते. दोन्ही जनुके मंद असतील तरच माणूस मंद ठरतो. म्हणून आईवडील दोघेही शीघ्र असूनही त्यांचे मूल मंद निघू शकते. परंतु दोघेही मंद असतील तर त्यांची मुले सामान्यतः मंदच असतात.

मंदपणा हा काही रोग नव्हे. तो डोळ्यांच्या रंगासारखा जन्मजात भेद आहे, आणि औषध पोटात जाईपर्यंत त्याचा माणसाला पत्ताही नसतो. निरनिराळ्या लोकसमूहांत त्याचे प्रमाण निरनिराळे आहे. जपानमध्ये दहांपैकी सुमारे एक व्यक्ती मंद असते. युरोपात निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक व्यक्ती मंद असतात.

मद्रासमधील पाहणी

भारतात हे प्रमाण किती, या प्रश्नाला शास्त्रीय कुतूहलापलीकडेही महत्त्व होते. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. आरोग्यधामातील खाटेवर विश्रांती न घेता, घरी राहूनच गोळ्या घेणारा गरीब रुग्णही तितकाच बरा होतो, हे या केंद्राने १९५९ साली जगाला दाखवून दिले. त्या गोळ्यांत दोन औषधे होती : आयसोनियाझिड आणि पॅस, म्हणजे पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक आम्ल. ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे त्यांचे प्रयोजन पडणार आहे.

याच केंद्रातील संशोधकांनी १९६१ पासून प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दक्षिण भारतातील रुग्णांच्या रक्तातील आयसोनियाझिडची मोजदाद दिली आहे. दहांपैकी सुमारे सहा रुग्ण मंद गटात मोडत होते. औषधाच्या मोठ्या मात्रेने होणारा मज्जातंतूंचा त्रास मंद रुग्णांत अधिक दिसून आला. त्याची दुसरी बाजूही मद्रासमध्येच स्पष्ट झाली. रोज दवाखान्यात येणे रुग्णांना कठीण जाई. म्हणून आठवड्यातून एकदाच औषध देण्याची योजना अजमावून पाहण्यात आली. तिचा गुण शीघ्र रुग्णांना कमी आला. त्यांच्या शरीरातून औषध इतक्या लवकर निघून जाई की पुढील मात्रेपर्यंत जंतूंना सावरण्यास अवसर मिळे. रोज औषध घेणाऱ्यांत मात्र शीघ्र आणि मंद यांच्या बरे होण्यात विशेष अंतर दिसले नाही.

एकंदरीत, मंद माणसाला औषधाचा उपद्रव अधिक आणि औषध क्वचित दिले तर शीघ्र माणसाला त्याचा लाभ कमी, असा हा दुहेरी पेच होता. तो सोडवावयाचा तर या भेदाच्या मुळाशी असलेले विकर हाती लागणे अवश्य होते.

एका प्रवाशाची नाव

हे विकर करते तरी काय? यकृताच्या पेशींत ॲसेटिल को-एन्झाइम ए नावाचा एक पदार्थ असतो. दोन कार्बन अणूंचा एक लहानसा गट, ज्याला ॲसेटिल गट म्हणतात, तो या पदार्थाने वाहून आणलेला असतो. आपले विकर तो गट उचलते आणि औषधाच्या रेणूवर नेऊन बसविते. गट बसला की आयसोनियाझिडचे जंतुनाशक सामर्थ्य संपते आणि शरीर त्याची विल्हेवाट लावू लागते.

नदीवर एकाच प्रवाशाला नेणारी लहान नाव असावी, तसे हे कार्य आहे. नाव एका तीरावर ॲसेटिल गटाला घेते, दुसऱ्या तीरावर औषधाच्या स्वाधीन करते आणि रिकामी होऊन परत फिरते. नावेतील बसण्याची जागा म्हणजे विकराच्या साखळीतील एक विशिष्ट ॲमिनो आम्ल होय. ते कोणते, हे पुढे कळणार होते. रसायनशास्त्रात या विकराला एन-ॲसेटिलट्रान्सफरेज म्हणतात. येथे त्याला आपण ‘ॲसेटिल-वाहक’ म्हणू.

मानवी यकृत आणावयाचे कोठून?

विकराचा अभ्यास करावयाचा तर ते शुद्ध रूपात आणि पुरेशा प्रमाणात हवे. मानवी यकृत हे काही बाजारात मिळणारे द्रव्य नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी काढावा लागलेला लहानसा तुकडा, अथवा मृत्यूनंतर नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले यकृत, एवढाच आधार. मृत्यूनंतर तास लोटले की विकरे नासू लागतात. शिवाय प्रत्येक यकृत निराळे : कोणी मद्यपी, कोणी दीर्घकाळ औषधे घेतलेला, कोणी मंद तर कोणी शीघ्र. आज एका यकृतावर केलेला प्रयोग उद्या दुसऱ्या यकृतावर जसाच्या तसा पुन्हा करता येईलच, याची खात्री नसे.

मग प्राण्यांचे यकृत का वापरू नये? सशांत योगायोगाने मंद व शीघ्र असे भेद आहेत, आणि सशांवरील अभ्यासाचा पुष्कळ उपयोगही झाला. परंतु कुत्र्याच्या बाबतीत निसर्गाने निराळीच योजना केली आहे : कुत्र्यात या विकराचे जनुकच नाही. एखाद्या नव्या औषधाचे भवितव्य या विकरावर अवलंबून असेल आणि त्याची परीक्षा केवळ कुत्र्यावर घेतली असेल, तर ती परीक्षा माणसाविषयी काहीच सांगू शकणार नाही.

तरीही चिकाटीच्या संशोधकांनी मानवी यकृतातून हे विकर अंशतः शुद्ध केले. १९६५ मध्ये जेने या अमेरिकन संशोधकाने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मोठा सूचक होता : मंद व शीघ्र व्यक्तींच्या यकृतांतील विकराच्या गुणधर्मांत विशेष भेद दिसत नाही, भेद दिसतो तो प्रमाणात.

आणि येथेच एक कोडे आड आले. मद्रासच्या रुग्णांना मिळणाऱ्या पॅस या दुसऱ्या औषधावरही शरीर ॲसेटिल गटच बसविते. एकाच प्रकारच्या नावेतून दोन्ही औषधांची सोय होत असेल, तर आयसोनियाझिडला मंद असणारा माणूस पॅसलाही मंद असावयास हवा. प्रत्यक्षात तसे होत नव्हते. पॅसच्या बाबतीत मंद आणि शीघ्र अशा दोन राशी पडतच नव्हत्या. यकृतात एकाहून अधिक ॲसेटिल-वाहक असावेत, असा तर्क करण्यात आला. पण यकृताच्या काढ्यात ती सारी विकरे, आणि त्यांच्याबरोबर हजारो इतर प्रथिने, एकत्र मिसळलेली. कोणते काम कोणाचे, हे निश्चयाने सांगणार कसे?

जनुकाची उसनवारी

या अडचणीतून सुटण्याचा मार्ग निराळ्याच दिशेने आला. विकर हे प्रथिन आहे, आणि प्रत्येक प्रथिनाचा आराखडा पेशीतील डीएनए या लांबच लांब रेणूच्या एका भागात, म्हणजे जनुकात, लिहिलेला असतो. ही लिपी सर्व सजीवांत जवळजवळ एकच आहे. तिचा उलगडा करण्यात मोठा वाटा उचलणारे शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांचा जन्म मुलतानजवळील रायपूर या खेड्यातला. १९६८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता, आणि १९७० मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह प्रयोगशाळेत रसायनांपासून एक संपूर्ण जनुक तयार केल्याची घोषणा केली. लिपी एकच असेल तर माणसाचे लिखाण जीवाणूलाही वाचता आले पाहिजे.

डीएनएला ठरावीक जागी छेद देणारी विकरे आणि तुकडे सांधणारी विकरे हाती आल्यावर हे शक्य झाले. १९७३ साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी परका डीएनए जोडलेली लहान वर्तुळाकार डीएनए-कडी जीवाणूत घालून तिची वाढ करून दाखविली. अशा कडीला प्लाझ्मिड म्हणतात, आणि दोन निराळ्या उगमांच्या डीएनएची जोडणी करण्याच्या या तंत्राला पुनःसंयोजित डीएनएचे तंत्र म्हणतात. १९७८ मध्ये याच मार्गाने जीवाणूंकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यात आले, आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले.

ॲसेटिल-वाहकाची पाळी १९९० मध्ये आली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे उर्स मायर यांच्या प्रयोगशाळेतील ब्लुम, ग्रँट आदी संशोधकांनी मानवी डीएनएतून या घराण्याची तीन जनुके वेगळी केली. त्याच वर्षी जपानमध्येही अशा शोधाचे निबंध प्रसिद्ध झाले. तिन्ही जनुके आठव्या गुणसूत्रावर आहेत. त्यांपैकी एक निकामी. उरलेल्या दोहोंना नॅट-१ आणि नॅट-२ अशी नावे देण्यात आली. दोन्ही जनुकांपासून २९० ॲमिनो आम्लांची प्रथिने बनतात, आणि ती सख्ख्या बहिणींसारखी एकमेकींशी मिळतीजुळती आहेत.

आता कोड्याची परीक्षा घेता येत होती. माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत एका ठिकाणी केवळ नॅट-१ आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ नॅट-२ घालण्यात आले. दोन बहिणी प्रथमच निरनिराळ्या घरांत नांदू लागल्या. नॅट-१ चे विकर पॅसवर सहज काम करी. आयसोनियाझिडच्या वर्गातील सल्फामेथाझिनसारख्या औषधांवर नॅट-२ चे विकर काम करी. यकृताच्या काढ्यात गुंतलेला धागा असा सुटला. आयसोनियाझिडला मंद असलेला माणूस पॅसला मंद का नसतो, याचे उत्तर इतके साधे होते : मद्रासच्या रुग्णाच्या दोन गोळ्या दोन निरनिराळ्या विकरांच्या हाती जात होत्या, आणि त्याची नॅट-२ ही बहीण दुबळी असली तरी नॅट-१ धडधाकट होती.

जीवाणूच्या पेशीत मानवी विकर

माकडाच्या पेशींतून मिळणारे विकर थोडे असते. मोठ्या प्रमाणासाठी संशोधक आपल्या आतड्यात राहणाऱ्या एशेरिकिया कोलाय या जीवाणूच्या निरुपद्रवी जातींकडे वळले. नॅट-२ च्या बाबतीत निसर्गाने एक सोयही करून ठेवली आहे. मानवाच्या बहुतेक जनुकांत प्रथिनाचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी लिहिलेला असतो आणि मध्ये निरर्थक भाग असतात. ते गाळण्याची कला जीवाणूला अवगत नाही. नॅट-२ मध्ये मात्र प्रथिनाचा सारा मजकूर एकसंध आहे.

आज प्रयोगशाळेत हे काम साधारणपणे पुढील क्रमाने चालते. प्रथम नॅट-२ चे जनुक प्लाझ्मिडमध्ये सांधतात. त्याच प्लाझ्मिडवर एखाद्या प्रतिजैविकाला तोंड देण्याचा गुण देणारे जनुक असते. त्यामुळे ते प्रतिजैविक घातलेल्या पोषक द्रवात प्लाझ्मिड असलेले जीवाणूच जगतात. अनुकूल स्थितीत हे जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका रात्रीत स्वच्छ द्रव गढूळ दिसू लागतो. वाढ पुरेशी झाली की एक विशिष्ट रसायन घालून मानवी जनुकाला ‘आता काम सुरू कर’ अशी सूचना देतात. या वेळी तापमान मुद्दाम कमी ठेवतात. घाई केली तर प्रथिनाची साखळी नीट घडी पडण्यापूर्वीच गोळा होऊन निरुपयोगी होते.

पुढे जीवाणू अपकेंद्री यंत्राने तळाशी बसवून, ध्वनितरंगांच्या आघाताने त्यांच्या पेशी फोडतात. या काढ्यात जीवाणूची स्वतःची प्रथिनेही असतात. त्यांतून मानवी विकर वेचून काढण्यासाठी एक युक्ती आधीच केलेली असते : जनुक जोडतानाच त्याच्या टोकाला हिस्टिडीन या ॲमिनो आम्लाच्या सहा कड्यांचे शेपूट लावलेले असते. हिस्टिडीनला निकेल धातूचे आकर्षण आहे. निकेल बसविलेल्या बारीक कणांनी भरलेल्या नळीतून काढा सोडला की शेपूट असलेले मानवी विकर कणांना चिकटून राहते आणि बाकीचे बहुतेक सारे वाहून जाते. मग योग्य द्रावणाने ते सोडवून घेतात. शुद्ध विकर लहान लहान कुप्यांत भरून शून्याखाली ७० ते ८० अंश सेल्सिअस इतक्या थंडीत साठवितात.

विकर जिवंत कामाचे आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी रीत रंगाची आहे. परीक्षानळीत विकर, ॲसेटिल को-एन्झाइम ए आणि सल्फामेथाझिन एकत्र ठेवतात. ठरावीक वेळाने क्रिया थांबवून अशी रसायने घालतात की, ॲसेटिल गट न बसलेल्या औषधामुळे जांभळट रंग यावा आणि बसलेल्यामुळे येऊ नये. विकराने जितके काम केले असेल तितका रंग फिका. शेजारी तुलनेसाठी, मानवी जनुक न घातलेल्या जीवाणूंच्या काढ्याची नळी असतेच. कारण जे श्रेय मानवी विकराला द्यावयाचे ते जीवाणूचे तर नाही ना, हे पाहिल्यावाचून कोणताही निष्कर्ष ग्राह्य नव्हे.

मंदपणाचे मूळ

जीवाणूत तयार केलेल्या विकराचा मोठा लाभ असा की, त्याच्या साखळीतील कोणतीही एक कडी मुद्दाम बदलता येते. १९९२ मध्ये ड्युप्रे आणि ग्रँट यांनी ६८ व्या स्थानावरील सिस्टीन हे ॲमिनो आम्ल बदलून पाहिले, तेव्हा विकराचे कार्य बंद पडले. एका प्रवाशाच्या नावेतील बसण्याची जागा ती हीच. पुढे २००७ मध्ये या मानवी विकरांची त्रिमिती रचना स्फटिकांच्या क्ष-किरण तपासणीने प्रसिद्ध झाली. सिस्टीनच्या जोडीला १०७ व्या स्थानावरील हिस्टिडीन आणि १२२ व्या स्थानावरील ॲस्पार्टिक आम्ल कसे उभे असते, ते तीत दिसते. अशा रचनांसाठी लागणारे शुद्ध विकर यकृतांच्या तुकड्यांतून गोळा करणे जवळजवळ अशक्यच होते.

मंद व्यक्तींच्या नॅट-२ जनुकात कोणते फेरफार असतात, हेही कळून आले. एका सामान्य प्रकारात ११४ व्या स्थानी आयसोल्यूसीनच्या जागी थ्रिओनीन असते. दुसऱ्यात १९७ व्या स्थानी आर्जिनीनच्या जागी ग्लुटामीन. तिसऱ्यात २८६ व्या स्थानी ग्लायसीनच्या जागी ग्लुटामिक आम्ल. २९० कड्यांतील एखादी कडी बदलली, एवढेच. यांतील एकही बदल नावेच्या आसनाच्या जागी नाही. मग विकर मंद का व्हावे?

हे बदललेले विकर पेशींत घडवून पाहिले असता उत्तर मिळू लागले. ११४ व्या स्थानी बदल झालेले विकर पेशीत कमी प्रमाणात टिकते. १९७ व्या स्थानी बदल झालेले विकर उष्णतेपुढे लवकर कच खाते. म्हणजे मंद माणसाचे विकर आळशी आहे, असे म्हणणे सर्वस्वी बरोबर नाही. ते बऱ्याच अंशी अल्पायुषी आहे. नदीवर नावा बांधल्या जातात, पण त्या लवकर मोडतात. म्हणून कोणत्याही क्षणी पाण्यावर थोड्याच नावा दिसतात. १९६५ मध्ये भेद प्रमाणात दिसला होता, त्याचा अर्थ असा तीन दशकांनंतर उलगडत गेला.

परीक्षानळीची मर्यादा

शुद्ध विकराच्या कुपीवर ‘केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी’ अशी सूचना असते, आणि ती अक्षरशः पाळावयाची असते. हे विकर रुग्णाला देण्याचे औषध नव्हे. मंद माणसाला त्याचे इंजेक्शन देऊन शीघ्र करता येत नाही. त्याचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी आहे : हे नवे औषध या विकराच्या हाती पडते काय? पडले तर किती वेगाने? दुसरे एखादे औषध त्याच्या आड येते काय?

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. परीक्षानळीत एकच विकर असते. यकृतात त्याचे असंख्य शेजारी असतात. आयसोनियाझिडवर ॲसेटिल गट बसल्यानंतरही गोष्ट संपत नाही. त्यापासून पुढे ॲसेटिलहायड्राझिन नावाचा पदार्थ निघतो, आणि इतर विकरांच्या क्रियेने त्याचे यकृताला अपायकारक असे रूपांतर होऊ शकते. या पदार्थावरही पुन्हा ॲसेटिल गट बसवून त्याला निरुपद्रवी करण्याचे काम नॅट-२ च करते. म्हणून मंद माणसाच्या यकृताला अपाय होण्याचा संभव अधिक असतो. हे सारे एका नळीत दिसणार नाही. शुद्ध विकराने जे सुचविले ते संपूर्ण पेशींत, आणि अखेर प्रत्यक्ष रुग्णांत पडताळून पाहावेच लागते.

तसा एक पडताळा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानमध्ये क्षयरुग्णांच्या नॅट-२ जनुकाची तपासणी करून त्यानुसार आयसोनियाझिडची मात्रा ठरविण्यात आली : मंद रुग्णांना नेहमीच्या निम्मी, शीघ्र रुग्णांना दीडपट. नेहमीच्या मात्रेशी तुलना करता मंद रुग्णांत यकृताचा अपाय टळला आणि शीघ्र रुग्णांत उपचार सुरुवातीलाच अयशस्वी होण्याचे प्रमाण घटले.

जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आज भारतात आहेत, आणि आयसोनियाझिड हे त्यांच्या उपचारातील एक मुख्य औषध आहे. त्याची मात्रा सामान्यतः रुग्णाच्या वजनावरून ठरते, आणि मज्जातंतूंच्या रक्षणासाठी ब-६ जीवनसत्त्व जोडीला देतात. प्रत्येक रुग्णाच्या जनुकाची तपासणी करून मात्रा ठरविणे हे काम मोठे आणि खर्चाचे आहे. तोवर उपचार घेणाऱ्याने हातापायांना मुंग्या येणे, भूक मंदावणे, डोळे पिवळे दिसणे अशा खुणा डॉक्टरांना विनाविलंब सांगाव्या. आणि औषध स्वतःच्या मनाने बंदही करू नये वा कमीही करू नये, कारण अर्धवट सोडलेल्या उपचाराने जंतू अधिक चिवट होतात.

दालनातील त्या दोन रुग्णांच्या खाटांमध्ये हातभराचे अंतर होते. त्यांच्या रक्तातील अंतर मोजण्यास एक दिवस पुरला. ते अंतर साखळीतील कोणत्या कडीमुळे पडते हे दाखविण्यासाठी प्राग, न्यूयॉर्क, मद्रास, बाझल आणि जपान येथील संशोधकांचे श्रम खर्ची पडले, आणि एका क्षुद्र जीवाणूला मानवी यकृताचे काम शिकावे लागले.